एका शब्दाची किंमत

स्पर्धा परीक्षेच्या इंग्रजीच्या पेपरात एक प्रश्न नेहमी भेटतो. लांबलचक शब्दसमूह देतात आणि त्याच्याऐवजी एकच शब्द निवडायला सांगतात. स्टाफ सिलेक्शनच्या परीक्षांत तर हा प्रश्न ठरलेलाच. आमच्या कुंडलमधील मुले त्यासाठी शे-दोनशे शब्दांची यादी तोंडपाठ करतात आणि परीक्षा झाली की यादी विसरतात. आम्ही नोकरीने कारकून, शिक्षण बी. कॉम., शाळा मराठी, इंग्रजीशी गाठ पडली ती पाचवीत. इतकी वर्षे फायली हाताळून आणि रविवारी वस्तीतल्या मुलांना शिकवून आमचे एक मत पक्के झाले आहे. हा प्रश्न दोन-चार मार्कांपुरता नाही. ज्याला नेमका शब्द माहीत नाही, त्याचा अर्ज आणि त्याचा हक्क दुसऱ्याच्या हातात जातो.

ही विद्या आपल्याला नवी नाही. मराठीच्या पेपरात 'शब्दसमूहाबद्दल एक शब्द' आपण सगळ्यांनीच लिहिला आहे. उपकार जाणणारा तो कृतज्ञ, उपकार विसरणारा तो कृतघ्न. आपल्या भागाने तर असा एक शब्द साऱ्या देशाला दिला. 'इंग्रजांचे राज्य झुगारून लोकांनी स्वतः चालवलेला कारभार' एवढे सगळे एका शब्दात मावते, तो शब्द म्हणजे प्रतिसरकार. १९४३ पासून क्रांतिसिंह नाना पाटील, क्रांतिअग्रणी जी. डी. बापू लाड आणि त्यांच्या साथीदारांनी ते चालवले आणि कुंडल हे त्याचे मोठे केंद्र होते. इंग्रजीत याला 'पॅरलल गव्हर्नमेंट' असे दोन शब्द लागतात. इथे मराठी पुढे आहे, हे कळले की मुलांची इंग्रजीची निम्मी भीती जाते.

उरलेली निम्मी घालवायला आम्ही साताऱ्याचे उदाहरण सांगतो. ७ नोव्हेंबर १९०० रोजी बाल भीमराव साताऱ्याच्या सरकारी शाळेत इंग्रजी पहिलीत दाखल झाले. ती शाळा आज प्रतापसिंह हायस्कूल म्हणून ओळखली जाते आणि २०१७ पासून महाराष्ट्रात तो दिवस विद्यार्थी दिवस म्हणून पाळला जातो. शाळेतला प्रवेश सर्वांना ठाऊक आहे, पण घरचा अभ्यास फारसा कोणी सांगत नाही. सुभेदार रामजी बाबांनी मुलाकडून हॉवर्डची इंग्रजी पुस्तके आणि तर्खडकरांची भाषांतर पाठमाला पाठ करून घेतली. मराठी शब्दाला योग्य इंग्रजी शब्द कोणता आणि तो कोठे वापरायचा, हे वडिलांनीच शिकवले, असे बाबासाहेबांनी स्वतः सांगून ठेवले आहे. एवढी मोठी इंग्रजी मराठीतूनच चढत गेली. म्हणून मराठी माध्यमाच्या मुलाने मान खाली घालण्याचे कारण नाही.

आता एका शब्दाने काय होते ते पाहा. वस्तीतल्या एका मुलाने कॉलेजच्या शिष्यवृत्तीचा अर्ज ऑनलाइन भरला होता. काही दिवसांनी उत्पन्नाच्या दाखल्यापुढे एकाच शब्दाचा शेरा आला. त्याने तो 'एलिजिबल' असा वाचला. एलिजिबल म्हणजे पात्र. घरात आनंद झाला. त्याची अकरावीतली बहीण आमच्या वर्गाला येते. तिने मोबाईल हातात घेतला आणि म्हणाली, "दादा, हे एलिजिबल नाही, इलेजिबल आहे. दाखला वाचता येत नाही म्हणतायत ते." मुदत संपायला दोन दिवस राहिले होते. दुसऱ्याच दिवशी भावाने पलूसला जाऊन दाखला स्पष्ट स्कॅन करून घेतला, पुन्हा जोडला आणि शिष्यवृत्ती मिळाली. वडील मजुरीला जातात. त्या घराची वर्षाची फी दोन सारख्या दिसणाऱ्या शब्दांमध्ये अडकली होती.

त्या मुलीने शब्द पाठ केला नव्हता, तो फोडून घेतला होता. लेजिबल म्हणजे वाचता येण्याजोगे, पुढे 'इल' लागला की उलटे. इलिटरेट म्हणजे निरक्षर, इल्लीगल म्हणजे बेकायदा, हे त्याच घरातले. असेच फसवे जोडपे युनॅनिमस आणि अनॉनिमस यांचे. सर्वांच्या एकमताने झालेला ठराव युनॅनिमस, सहीशिवाय आलेली तक्रार अनॉनिमस.

काही शब्दांच्या मागे इतिहास असतो. एखाद्याशी सगळ्यांनी बोलणे, देणेघेणे, कामधंदा बंद करणे याला इंग्रजीत 'बॉयकॉट' म्हणतात. १८८० साली आयर्लंडमध्ये खंड वसूल करणाऱ्या बॉयकॉट नावाच्या कारभाऱ्याशी कुळांनी सर्व व्यवहार तोडले आणि त्याच्या आडनावाचा शब्द झाला. तिथे गरिबांनी जुलमी कारभाऱ्यावर घातलेला तो बहिष्कार. आपल्याकडे वाळीत टाकणे उलट दिशेने चालले, बलवंतांकडून दुबळ्यांवर. बाबासाहेबांनी तोच 'बहिष्कृत' शब्द उचलून १९२४ साली बहिष्कृत हितकारिणी सभा आणि १९२७ साली 'बहिष्कृत भारत' उभे केले. आपले दुःख एका शब्दात बांधता आले की ते जगासमोर मांडता येते.

आणि काही शब्दांवर भाकरी अवलंबून असते. अंगणवाडी सेविकांना मिळते त्याला 'ऑनरेरियम', म्हणजे मानधन म्हणतात. 'वेजेस', म्हणजे वेतन म्हणत नाहीत. वेतन नाही म्हणून ग्रॅच्युइटी नाही, असा युक्तिवाद गुजरातमधील सेविकांच्या प्रकरणात सुप्रीम कोर्टापर्यंत गेला. २५ एप्रिल २०२२ रोजी कोर्टाने निकाल दिला की ग्रॅच्युइटीच्या कायद्यातील वेतनाच्या व्याख्येत हे मानधनही बसते आणि सेविका व मदतनीस ग्रॅच्युइटीला पात्र आहेत. आयुष्यभर लेकरे सांभाळणाऱ्या बायांचा म्हातारपणाचा आधार एका शब्दाच्या अर्थावर ठरला. आपल्या कितीतरी भगिनी या कामात आहेत, त्यांनी हा फरक जरूर ध्यानात ठेवावा.

आमची रीत साधी आहे. वहीच्या पानावर चार रकाने पाडावेत. पहिल्यात मराठी शब्दसमूह, दुसऱ्यात मराठीतला एक शब्द, तिसऱ्यात इंग्रजी शब्द, चौथ्यात स्वतः रचलेले वाक्य. उदाहरणार्थ, 'मृत्यूनंतर दिलेला सन्मान', मरणोत्तर, पॉस्च्युमस. वाक्य असे की बाबासाहेबांना १९९० साली मरणोत्तर भारतरत्न देण्यात आले. आठवड्याला दहाच शब्द घ्यावेत. पहिला रकाना घरातल्या आईने किंवा आजीने सांगावा. एका आजीने सांगितले, "मृत्युपत्र न करताच गेलेला माणूस." मुलांनी शोधून काढले, इंटेस्टेट. अशा आजीला मग वाटत नाही की इंग्रजी हे आपले काम नव्हे.

एक सावधगिरी मात्र बाळगावी. जड शब्द आणि नेमका शब्द एक नव्हेत. 'स्टार्ट'च्या जागी 'कमेन्स' लिहिल्याने अर्जाचे वजन वाढत नाही. जिथे साधा शब्द नेमका आहे तिथे तोच ठेवावा. मोठेपणा दाखवायला शिकलेली भाषा आपल्याच माणसांना आपल्यापासून दूर करते.

बंधू-भगिनींनो, वही आणि पेन एवढेच भांडवल लागते. या रविवारी घरातल्या मुलांना जवळ बसवा, एक शब्दसमूह तुम्ही द्या आणि शब्द त्यांना शोधू द्या.