मडगाट बसवायचं का नाही?

गेल्या आठवड्यात मुलीची नवी सायकल घेऊन चाचांच्या दुकानात गेलो आणि म्हटलं, "दोन्ही चाकांना मडगाट बसवून द्या." मुलीनं माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी सायकलीला नांगर जोडायला सांगितलाय.

"बाबा, मडगार्डनं सायकल म्हातारी दिसते."

नववीत आहे. तिच्या वर्गात बहुतेकांच्या सायकली जाड टायरच्या, रंगीत आणि मडगार्ड नसलेल्या. आमच्या वेळच्या काळ्या उंच सायकलीला मडगार्ड, चेनकव्हर, कॅरिअर, स्टँड सगळं असायचं. मागच्या मडगार्डच्या टोकाला पांढरा पट्टा आणि लाल काच. तो पट्टा शोभेचा नव्हता, अंधारात मागून येणाऱ्याला सायकल दिसावी म्हणून होता. मडगार्ड गेलं तसा पट्टाही गेला. लाल काच आता सीटखाली असते आणि पावसात चिखलानं पहिली तीच माखते.

मी एवढा हट्ट का धरला ते सांगतो. हे मी मागच्या वर्षीच लिहायला हवं होतं.

गेल्या पावसाळ्यात एका शाळेत कार्यक्रमाच्या बातमीला गेलो होतो. पाहुणे नेहमीप्रमाणे उशिरा. तोवर व्हरांड्यात गप्पा मारत बसलो. दहावीतली एक मुलगी जुलैत सलग आठ दिवस आली नव्हती. हजेरीपटावर कारण 'आजारी'. शाळेतल्या मावशींनी नंतर बाजूला घेऊन खरं सांगितलं. मुलगी वस्तीवरून सायकलनं येते. एक दिवस रस्ता ओला होता, मागच्या चाकाचा चिखल उडून पाठीपासून खालपर्यंत पट्टा उमटला. पांढरी सलवार. मागून बघणाऱ्यांना जे वाटायचं ते वाटलं, दोन-चार पोरं फिदीफिदी हसली. मधल्या सुट्टीतही ती बाकावरून उठली नाही. दुसऱ्या दिवसापासून पाऊस असला की तिची शाळा बंद.

मी त्या दिवशी काय छापलं? पाहुण्यांचं भाषण. तीन कॉलम, फोटोसह.

आपल्याकडे मानव विकास कार्यक्रमात 23 जिल्ह्यांतले 125 तालुके आहेत. तिथं शाळेपासून पाच किलोमीटरच्या आत राहणाऱ्या, आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना सायकलीसाठी पैसे मिळतात. आधी साडेतीन हजार होते, 2022 मध्ये पाच हजार केले. पैसे थेट खात्यात. योजना चांगली आहे, उगाच नावं ठेवणार नाही. या सायकलींमुळे शाळेत टिकलेल्या मुली मी पाहिल्यात. वाटपाचे फोटोही छापलेत, हँडलला झेंडूच्या माळा वगैरे. परवा त्यातला एक जुना फोटो मोबाइलवर मोठा करून पाहिला. पुढच्या रांगेत नऊ सायकली. मडगार्ड तिघींना. तेव्हा माझ्या डोळ्यांना फक्त माळा दिसल्या होत्या.

तेव्हा ठरवलं, झणझणीत पोस्ट लिहायची: प्रत्येक सायकलीला मडगार्ड हवंच! चाचांना तसं बोलूनही दाखवलं. ते पंक्चरची ट्यूब पाण्यात दाबत म्हणाले, "लिहा. पण आधी त्या पोरीला विचारा, तिनं काढून तर नाही ना टाकलं?"

मी गप्पच झालो.

"डांबरावरून येणाऱ्यानं डोळे झाकून बसवावं. पाणंदीतून येणाऱ्याचं गणित वेगळं. तुम्ही काळ्या मातीतले ना साहेब? मग?"

मग काय. लहानपणी शेताच्या वाटेवर वडील सायकल थांबवून बाभळीच्या काडीनं मडगार्डमधला चिखल उकरायचे, ते आठवलं. काळी माती ओली झाली की टायरला धरते, थरावर थर चढतो, मडगार्डच्या आत ठासून भरतो आणि चाक जाम. पुढे ढकलता येत नाही, मागे ओढता येत नाही. मग दप्तर पाठीवर आणि सायकल खांद्यावर. कोकणातल्या एका मित्राला हे सांगितलं तर त्याला पटेना. त्यांच्याकडे लाल पाणी उडतं, पण चाक असं अडकत नाही म्हणे. आमच्याकडे मात्र मुलीच मडगार्ड काढून घरी ठेवतात. पुढे डांबर लागलं की तेच चाक अंगावर पाणी उडवायला मोकळं. त्या मुलीचा दीड किलोमीटर रस्ता मातीचा आणि पुढे तीनेक किलोमीटर डांबरी. पहिल्या दीडमध्ये मडगार्ड चालत नाही, पुढच्या तीनमध्ये त्याच्याशिवाय भागत नाही.

चाचांचं म्हणणं, निम्मा दोष मापाचा आहे. जुन्या सायकलीचं टायर बारीक, वर जागा भरपूर. आता टायर जाड आणि त्यावर बसवतात अरुंद मडगार्ड, तेही अगदी टेकवून. मडगार्ड टायरपेक्षा रुंद पाहिजे, मध्ये दोन बोटं जागा पाहिजे, सळया घट्ट पाहिजेत, नाहीतर खडखडाट होतो आणि पोरं वैतागून काढून टाकतात. पुढच्याच्या खाली जुन्या ट्यूबचा तुकडा लोंबता ठेवायचा, पाय आणि चेन दोन्ही वाचतात. चेनचं मला सुचलंच नव्हतं. पुढच्या चाकाचा रेतीमिश्रित चिखल थेट चेनवर जातो, तेल धुऊन निघतं, मग गंज. "मडगाट नसलेली सायकल मला परवडते," चाचा हसून म्हणाले, "दर महिन्याला परत येते."

आणि पाणंदीतल्या मुलींनी? सीटच्या दांडीला लावायची प्लास्टिकची शेपटी मिळते. चाकापासून उंच असते, त्यामुळे माती अडकत नाही. पाय माखतात, पण पाठ वाचते. चाचांच्या मते तेवढं पुरे. मला ते अर्धं वाटतं. पूर्ण उपाय त्या दीड किलोमीटरवर मुरूम पडण्यात आहे. रस्ता मंजूर असल्याचं मी तीन पावसाळे ऐकतोय, एकदा तर बातमीही दिली होती. मुरूम पडेपर्यंत निदान योजनेची सायकल घेताना पालकांनी दुकानदाराकडून मडगार्ड नाहीतर शेपटी मागून घ्यावी आणि पावती तपासणाऱ्या सरांनी एकदा मागच्या चाकाकडेही बघावं. त्या मुलीची चौकशी केली. अकरावीला आली आहे. पावसाच्या दिवशी वडील मोटारसायकलवर सोडतात, पेरणीच्या दिवसांत मात्र खाडा होतो.

माझ्या मुलीचा रस्ता सगळा डांबर आणि सिमेंट. मधे पाइपलाइनसाठी खोदून ठेवलेला चौक आहे, तिथली राड तुम्हाला माहीत आहेच. म्हणजे आमच्या घरी प्रश्नच नव्हता. 220 रुपयांत जोडी बसवली. तडजोड एवढीच झाली की चंदेरी नको, काळी. पांढरा पट्टा चाचांनी न विचारता मारला, त्यावर तिनं तोंड वाकडं केलं.

सोमवारी चांगला पाऊस होता. शाळेतून आली, सायकल लावली आणि आत येऊन आईकडे पाठ करून उभी राहिली. "बघ गं, मागं काही आहे का?"

नव्हतं. मोजे मात्र चिंब. ट्यूबचा तुकडा लावायचा राहिलाय, रविवारी जातो.