सान साल्व्हारियोतलं टेबल

२०२५च्या डिसेंबरात दिल्लीला लाल किल्ल्यात युनेस्कोच्या समितीची बैठक भरली. मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत आपल्या दिवाळीची नोंद झाली ती याच बैठकीत, आणि इटालियन स्वयंपाकाचीही. दिवाळीच्या बातमीने आनंद झाला. दुसऱ्या बातमीने मात्र माझी झोप उडवली. इटलीतल्या मैत्रिणींचे आनंदाचे निरोप येत होते आणि मला तुरिनमधलं एक जेवणघर आठवत होतं, ज्याचं शटर आता कायमचं खाली आलं आहे.

सान साल्व्हारियो हा तुरिनचा भाग पोर्ता नुओव्हा रेल्वे स्थानकाला खेटून आहे. परगावाहून, परदेशातून आलेला माणूस बॅगा घेऊन उतरतो आणि पहिला आसरा इथेच शोधतो. मीही तेच केलं. पलीकडे पो नदीच्या काठावर वालेंतिनोचा राजवाडा आहे, तिथे मी आर्किटेक्चर शिकत होते. त्या राजवाड्याला १९९७मध्ये जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. डिसेंबरात वर्ग सुटेपर्यंत अंधार पडलेला असायचा. नदीवरून धुकं यायचं आणि गल्ल्यांमध्ये भरून राहायचं. वेंगुर्ल्यात वाढलेल्या मला थंडी म्हणजे पहाटे अंगावर ओढायची एक गोधडी, एवढंच माहीत होतं. तुरिनची थंडी ओली. ती बुटांच्या तळव्यांतून वर चढते आणि जेवल्याशिवाय उतरत नाही.

त्या भागातल्या साध्या जेवणघराला पिओला म्हणतात. आमच्या गल्लीतल्या पिओलात सात-आठ लाकडी टेबलं होती, त्यांवर कागद अंथरलेला. पाटीवर खडूने त्या दिवशीचे चार पदार्थ लिहिलेले असत. वाइन पाव लिटरच्या मापाने मिळे. संध्याकाळी दार उघडलं की चष्म्यावर वाफ धरायची आणि काही दिसायच्या आधी वास यायचा : वाइनमध्ये तासन्‌तास मुरत शिजणाऱ्या मांसाचा, लसणाचा, वितळलेल्या चीजचा. बहुतेक माणसं एकेकटी यायची. निवृत्त कामगार, विधुर म्हातारे, रात्रपाळीला निघालेल्या परिचारिका. जागा नसली की अनोळखी माणसासमोर बसवलं जायचं आणि त्याबद्दल कुणी माफी मागत नसे.

आमच्या घरात मासे चालत, मांस नाही. पाटीवरचं बरंचसं त्यामुळे मला वर्ज्य होतं. उरलेलं पोटभर होतं. अंड्यांच्या भरपूर बलकांत मळलेल्या कणकेच्या बारीक शेवया, त्यांना तायारिन म्हणतात, लोणी आणि सेजच्या पानांत परतलेल्या. पोलेन्ता कोंचा, म्हणजे मक्याच्या पिठाचं दाट शिजवलेलं गरगटं, त्यात लोणी आणि डोंगरातलं चीज विरघळवलेलं. चमचा उचलला की तार निघायची. आणि कडाक्याच्या थंडीत बान्या काउदा. ऑलिव्हच्या तेलात लसूण आणि खारवलेले अँचोव्ही मंद आचेवर पार विरघळेपर्यंत शिजवायचे आणि मातीच्या भांड्यात, खाली निखारा किंवा दिवा ठेवून टेबलावर आणायचे. त्यात भाज्या बुडवून खायच्या : कोबी, भाजलेली ढोबळी मिरची, आणि नित्सा मोन्फेर्रातोकडचं कार्दो गोब्बो. हे झाड वाढलं की शेतकरी ते वाकवून मातीखाली गाडतात. प्रकाश न मिळाल्याने दांडे पांढरे आणि इतके कोवळे होतात की कच्चे खाता येतात. तुरिनच्या या समुद्र नसलेल्या प्रांतात खारे मासे आले ते लिगुरियाच्या किनाऱ्यावरून, व्यापाराच्या वाटांनी. अँचोव्ही म्हणजे आपल्या मांदेलीच्याच कुळातला मासा. तो वास मला त्या परक्या शहरात पहिल्यांदा ओळखीचा वाटला. शेवटी भांड्याच्या तळाशी उरलेल्या तेलात अंडं फोडतात आणि पावाने पुसून खातात. काही टाकायचं नाही, हा या जेवणाचा पहिला नियम.

हे सगळं शिजवणारी बाई त्या प्रांतातली नव्हती. तिला सगळे सिन्योरा म्हणत, मीही तेच म्हणायची. तेव्हा ती साठीच्या घरात होती. ती मूळची पुलियाची, इटलीच्या टाचेकडची. बाप मिराफियोरीच्या मोटार कारखान्यात लागला तेव्हा सगळं कुटुंब वर आलं. १९५१मध्ये तुरिनची लोकसंख्या ७ लाख १९ हजार होती, १९७१मध्ये ती ११ लाख ६७ हजारांवर गेली. ही भर मुख्यतः दक्षिणेतून आलेल्या माणसांची. शहराला त्यांचे हात हवे होते, शेजार नको होता. दक्षिणेकडच्यांना घर भाड्याने मिळणार नाही, अशा पाट्या तेव्हा दारांवर लागत. सिन्योराचं कुटुंब एका माळ्यावरच्या खोलीत राहिलं. पुढे तिने इथल्याच एका तरुणाशी लग्न केलं. पिओला त्याच्या आईची. सासूने तिला बान्या काउदा शिकवलं, बोल्लितो म्हणजे उकडलेलं मांस शिकवलं, तायारिन सुरीने किती बारीक कापायच्या ते शिकवलं. एक अट घातली : तुझं दक्षिणेकडचं रांधप पाटीवर चढणार नाही. सासू जाऊन कैक वर्षं झाली होती, तरी ती अट सिन्योरा पाळत होती.

एका फेब्रुवारीतली संध्याकाळ मला अजून सोडत नाही. बर्फ पडून गेलं होतं आणि त्याचा काळा चिखल झाला होता. मी त्या दिवशी खोल्या बघायला हिंडले होते. फोनवर सगळं ठरायचं आणि मी नाव सांगितलं की खोली नुकतीच गेलेली असायची. एका बाईने तर मला दारात पाहिल्यावरच ती गेली असल्याचं सांगितलं. आत दिवा लागलेला होता आणि खिडकीवर 'भाड्याने देणे' लिहिलेला कागद तसाच होता. पिओलात मी एकटीच गिऱ्हाईक होते. मी काही मागवलं नाही. सिन्योराने माझ्याकडे पाहिलं, कोट काढ म्हणाली आणि आत गेली. ती दोन थाळ्या घेऊन आली आणि समोर बसली. याआधी ती कधी गिऱ्हाइकासमोर बसल्याचं मी पाहिलं नव्हतं.

थाळीत वाळवलेल्या फावा शेंगांच्या दाण्यांचं घट्ट, पिवळट गरगटं होतं, वर कच्च्या तेलाची धार आणि शेजारी उकडलेली कडवट चिकोरीची पानं. हे फावे ए चिकोरिया, पुलियाच्या गरिबांचं रोजचं जेवण. पहिल्या घासाला मला आमच्या चुलीवरचं पिठलं आठवलं. मी म्हटलं, "आमच्याकडे मांस खात नाहीत." ती म्हणाली, "आम्हीही खात नव्हतो, पोरी. नाताळाला असायचं तेवढंच." मग खोलीची गोष्ट मी सांगितली आणि पाट्यांची तिने. तिने मला धीर दिला नाही, तुरिनवर रागही काढला नाही. ती एवढंच म्हणाली, "आधी जेव. उपाशी पोटी अपमान दुप्पट लागतो." त्या रात्री मी दोनदा वाढून घेतलं. पुढे खोली मिळाली तीही तिच्याच ओळखीने. मात्र तिच्या पाटीवर तो पदार्थ शेवटपर्यंत आला नाही.

दरम्यान सान साल्व्हारियोचं नशीब पालटलं. रात्री पिणाऱ्या-हिंडणाऱ्या तरुणांची गर्दी वाढली, बार वाढले, भाडी वाढली. परवाच्या हिवाळ्यात, बऱ्याच वर्षांनी, मी पुन्हा गेले. पिओलाचं शटर खाली होतं आणि शेजारच्या दाराला चाव्या ठेवण्याच्या लोखंडी डब्यांची रांग होती, पर्यटकांना चार रात्रींसाठी खोल्या देतात तसल्या. नाक्यावरच्या तंबाखूच्या दुकानदाराने हकीगत सांगितली. इटलीत दुकानाचा भाडेकरार सहसा सहा वर्षांचा असतो, त्याला आणखी सहा वर्षांची जोड मिळते. सिन्योराच्या करारातली ती मुदत संपली तेव्हा मालकाने जो आकडा सांगितला, तो चार पदार्थांच्या पाटीतून निघणारा नव्हता. ती पुलियाला बहिणीकडे निघून गेली. उभ्या आयुष्यात जिने परगावच्यांना बसायला जागा दिली, तिला त्या शहराने दुसऱ्यांदा जागा नाकारली. याचा राग मला आहे, आणि तो जावा असं मला वाटतही नाही.

लाल किल्ल्यातल्या त्या निर्णयाबद्दल मी पुन्हा पुन्हा वाचलं. त्यात पाककृतींची जंत्री नाही. एकत्र बसून जेवणं, एका पिढीने दुसरीला शिकवणं, उरलेलं वाया न घालवणं, अन्नातून माणसाची काळजी घेणं, याला तिथे वारसा म्हटलं आहे. हे वर्णन मला तंतोतंत ओळखीचं आहे, मी ते सान साल्व्हारियोत जेवले आहे. बान्या काउदाला काही धोका नाही; महागड्या हॉटेलांत ते आजही चांदीच्या चमच्यासह मिळतं. धोका आहे तो अनोळखी माणसासमोर बसवणाऱ्या टेबलाला, आणि ते टेबल टिकतं ते भाडं परवडतं तोवरच.

मान मिळाला तो योग्यच, आणि तो आधी सिन्योरासारख्या बायकांचा आहे. तुरिनच्या नगरपालिकेने, आणि आपल्या मुंबई-पुण्याच्या महापालिकांनीही, जुन्या जेवणघरांच्या भाड्याला मर्यादा घालावी आणि चालवणाऱ्यांना कराराची हमी द्यावी. वारसा जपायचा म्हणजे आधी एवढं करायला हवं.