कॅनीची दुपार

व्हॅरोनं काय करायला नको होतं, हे गेम खेळणाऱ्या प्रत्येकाला आधीच ठाऊक असतं. माझी पंचाईत तिथूनच सुरू होते.

गोष्ट इ. स. पूर्व २१६ मधली. २ ऑगस्टला दक्षिण इटलीत, ऑफिडस नदीच्या काठी, कॅनीजवळ रोम आणि कार्थेजची सैन्यं भिडली. रोमचे दोन कॉन्सल, पॉलस आणि व्हॅरो, एकाआड एक दिवस हुकूम चालवत. त्या दिवशी पाळी व्हॅरोची होती. ग्रीक इतिहासकार पॉलिबियसच्या हिशोबानं रोमकडे ८०,००० पायदळ आणि ६,००० घोडेस्वार. कार्थेजचा सेनापती हॅनिबल, त्याचं पायदळ निम्मं, घोडेस्वार मात्र १०,०००. त्यानं गॉल आणि स्पॅनिश पायदळाची मधली फळी चंद्रकोरीसारखी पुढे फुगवली आणि दोन्ही टोकांना कसलेले आफ्रिकी शिपाई ठेवले. रोमनांनी मधली फळी रेटली, आणि रेटता रेटता ते पिशवीत शिरले. आफ्रिकी दोन्ही अंगांनी वळले. रोमन घोडदळाची दाणादाण उडवून हॅनिबलचा सरदार हॅस्द्रुबल याचे स्वार पाठीवर आले आणि पिशवीचं तोंड आवळलं गेलं.

आता हीच लढाई कुणालाही संगणकावर रोमच्या बाजूनं खेळायला द्या. तो मधलं पायदळ थोपवून धरतो, मागच्या तुकड्या बगलांना लावतो आणि चहा गार व्हायच्या आत जिंकतो.

मी दिवसा बँकांसाठी सॉफ्टवेअर लिहितो, रात्री लढाया. सुरुवात झाली २००४ साली आलेल्या ‘रोम: टोटल वॉर’पासून. त्या गेममध्ये सैनिकांचा सगळा स्वभाव एका साध्या टेक्स्ट फाइलीत असायचा. त्यात मनोधैर्याची एक ओळ होती. आधी आकडा, मग शिस्तीचा शब्द, मग तालमीचा. चारचे आठ केले की कालचा भेदरट गडी आज पाय रोवून लढायचा. विशीतल्या पोराला याहून मोठं खेळणं कोण देणार?

तेव्हा आम्हा मॉड करणाऱ्यांना, म्हणजे गेमच्या फाइली बदलून खेळणाऱ्यांना, वास्तव म्हणजे पोशाख वाटायचा. तक्रारीला जागाही होती. त्या गेममधला इजिप्त रथ जुंपून, फॅरोंच्या काळातलं रूप घेऊन रणात यायचा. त्या शतकातला खरा इजिप्त टॉलेमींचा, मॅसिडोनियन वळणाचा, लांब भाले घेऊन फॅलँक्समध्ये उभा राहणारा. कॅनीच्या आदल्याच वर्षी राफियाच्या लढाईत तो तसाच लढला होता. ‘युरोपा बार्बारोरम’ हा मॉड करणाऱ्या हौशी मंडळींनी असल्या गोष्टी निगुतीनं दुरुस्त केल्या. मीही ढालींच्या रंगांवर आणि शिरस्त्राणांच्या तुऱ्यांवर रात्री घालवल्या. हॅनिबलच्या आफ्रिकी शिपायांनी आधीच्या लढायांत लुटलेली रोमन शस्त्रं चढवली होती, म्हणून त्यांनाही ती दिली. मग खेळून पाहिलं. रोम दहा मिनिटांत जिंकलं, फक्त आता अचूक कपड्यांत.

पुढे वाटलं, घोळ आकारात आहे. एका सैन्यात २० तुकड्या, तुकडीत साधारण १६० जण, म्हणजे ३,२०० बाहुल्या. ८६,००० रोमनांसाठी एक बाहुली म्हणजे जवळजवळ २७ माणसं. लहानपणी दिवाळीच्या किल्ल्यावर आम्ही महादरवाजाहून उंच मावळा उभा करायचो, आणि ते खपून जायचं, कारण तिथला मावळा हलत नाही. इथला हलतो. रोमनांनी त्या दिवशी तुकड्या नेहमीपेक्षा कितीतरी दाट आणि खोल उभ्या केल्या होत्या. आतल्या माणसाला पुढच्याच्या पाठीपलीकडे काय दिसणार? माझ्या चार रांगांच्या तुकडीतला शेवटचा शिपाई मात्र मागे शत्रू आला की गिरकी घेऊन तयार. गर्दीत हात उचलता न येणं हेच तर कॅनी; आणि माझ्याकडे गर्दीच नव्हती.

चार वर्षांपूर्वी मी स्वतःचाच छोटा गेम लिहायला घेतला. लढाई एकच. या वेळी भर घालत बसलो नाही, काढून टाकत गेलो. पहिली गेली ती वरून सगळं दाखवणारी घारीची नजर. आता सेनापतीला घोड्यावरून दिसेल तेवढंच दिसतं. मग हुकूम. बटण दाबलं की तो पोचला, असं होत नाही. निरोप्या निघतो, कधी उशिरा पोचतो, कधी वाटेतच पडतो. रोमन इतिहासकार लिव्ही लिहितो की वोल्टर्नस नावाचा वारा रोमनांच्या तोंडावर धूळ उडवत होता. ती धूळही आणली, आणि दोन्ही बगला तिच्यात दिसेनाशा झाल्या.

तरीही व्हॅरो मूर्खच ठरत होता. त्याची बाजू मला ट्रेबियाच्या लढाईत सापडली. इ. स. पूर्व २१८ मध्ये तिथे रोम हरलं होतं खरं, पण त्याच लढाईत सुमारे १०,००० रोमन पायदळ हॅनिबलची मधली फळी फोडून पार निघून गेलं होतं. दोन वर्षांनी जवळजवळ दुप्पट पायदळ हाताशी असताना त्याच जागी अधिक दाट मुसंडी मारायची, यात वेडेपणा कुठला? व्हॅरो मागच्या वर्षांचे पेपर सोडवून आला होता. म्हणून मी गेममध्ये आधी ट्रेबिया ठेवली. ती हरायचीच असते, पण मधली फळी फुटते तेव्हा हाताला चव लागते.

सुट्टीत आलेल्या भाचीला दोन्ही खेळायला दिल्या. इतिहासाशी तिचं वाकडंच. कॅनीला तिनं सगळं बळ मधोमध लावलं. गॉल मागे सरकू लागले तशी ती खुर्चीत पुढे सरकली. “मामा, फुटतायत!” वीस मिनिटं ती जिंकत होती. मग बगलेकडून निरोप्या आला. त्याचं म्हणणं वाचून होईपर्यंत तिच्या तुकड्यांचा धीर सुटायला लागला होता.

“पण माझं चुकलं कुठे?” तिनं विचारलं. हा प्रश्न ऐकण्यासाठी माझी चार वर्षं गेली होती.

त्यापुढचं मला जमलेलं नाही. पॉलिबियस मेलेले रोमन ७०,००० सांगतो, लिव्ही ४८,००० च्या आसपास. दुसऱ्या दिवशी काही जण जमिनीत खड्डा उकरून, त्यात तोंड खुपसून, गुदमरून मेलेले सापडले, असंही लिव्ही लिहितो. पळायला वाटच नसेल तर माझ्या फाइलीतला धीराचा आकडा शून्यावर येऊन तरी काय करणार? ती दुपार मी एकदा खऱ्या वेगानं चालवून पाहिली. तासन्‌तास चालते, आणि खेळणाऱ्याला करण्यासारखं काहीच उरत नाही. म्हणून कोपऱ्यात ‘वेग वाढवा’ असं एक बटण ठेवलं. भाचीनं ते तीनदा दाबलं. मीही दाबतो. शेवटी धूळ बसते तेव्हा मैदान रिकामं दिसतं. पडलेली सगळी माणसं तशीच ठेवली तर संगणक अडखळतो, म्हणून ती मी दहा सेकंदांनी पुसून टाकतो.