पावसाळी सिंधुदुर्ग : ओंडक्यांवरची अळंबी

सोमवार, धामापूर
मालवणहून कुडाळकडे जाताना धामापूरचा तलाव लागतो, १५३० सालचा. भगवतीच्या देवळाशेजारून काठाकाठाने निघालो. रात्रभर कोसळून पाऊस नुकता उघडला होता. वाटेत आंब्याचा एक ओंडका आडवा पडलेला, त्यावर नखाएवढे पांढुरके पंखे दाटीने उगवलेले. ही शिझोफायलम. वरून लोकरीसारखी लव. वाकून खालून पाहिलं, तर प्रत्येक पट्टी मधोमध चिरलेली. उन्हात या पट्ट्या मिटतात आणि पाऊस पडला की उघडून पुन्हा बीजाणू सोडू लागतात.

मंगळवार, धामापूरजवळची वाडी
परसातल्या जुन्या फणसाच्या बुंध्यावर फणसोंबा दिसला. वरून काळपट, भेगाळलेला, लाकडाइतका कठीण; वाढती कड मात्र तांबूस आणि मखमली. खालच्या बाजूची छिद्रं डोळ्यांना जेमतेम दिसतात, पण बोट फिरवलं की खरखर लगेच कळते. घरातल्या आजी म्हणाल्या, ‘‘पोराची लाळ गळाक लागली की हो उगाळून लावतत.’’ अळंबीच्या या कुळाला शास्त्रात फेलिनस म्हणतात. झाडाला आतून पोखरणारी हीच बुरशी वाडीत औषध म्हणून जपली जाते.

बुधवार, आंबोली
सावंतवाडीहून घाट चढून सुमारे ६९० मीटरवर आलो. धुकं इतकं दाट की पुढची वाट दिसेना. जंगलातलं एक कुजकं लाकूड चिमटीत दाबलं तर पाणी गळालं आणि पांढरे धागे सुटे झाले. बुरशीने त्यातलं लिग्निन खाल्लं होतं. शेजारच्या दुसऱ्या खोडाचे तपकिरी, चौकोनी तुकडे पडत होते; तिथे दुसऱ्या जातीच्या बुरशीने सेल्युलोज संपवून लिग्निन मागे ठेवलं होतं. कोणती बुरशी राबून गेली, ते असं हाताला कळतं.

रात्री विजेरी बंद करून थांबलो. डोळे अंधाराला सरावल्यावर जमिनीवरच्या काटक्या हिरवट उजळलेल्या दिसल्या. मायसिना कुळातल्या काही बुरशांमधलं लुसिफेरिन प्राणवायूशी संयोग पावतं आणि हा थंड प्रकाश पडतो. त्यासाठी लागतात ओल आणि कुजणारं लाकूड.

म्हणून या भागात येणाऱ्यांना कळकळीची विनंती : चमकणाऱ्या काटक्या आठवण म्हणून उचलून नेऊ नका, ओळख पटल्याशिवाय कुठलीही अळंबी खाऊ नका. आणि गावकऱ्यांनो, देवराईत पडलेलं झाड साफसफाईच्या नावाखाली हलवू नका. ते तिथेच कुजू द्या. रानाची माती त्यातूनच तयार होते.