घोडबंदर रोडवरचा दस्तरखान

डिसेंबरच्या सुट्टीत आमच्या कासारवडवलीच्या घरी मीरा रोडचे मामू आणि भिवंडीच्या खाला जेवायला येतात. मामूंच्या वाटेवर घोडबंदरचा किल्ला लागतो. पोर्तुगीज इथे अरबांशी घोड्यांचा व्यापार करीत, त्यावरून गावाला हे नाव पडले, असे सांगतात. आता त्याच रस्त्यावर गाड्या मुंगीच्या पावलांनी सरकतात.

गेल्या वर्षी मामू गायमुख घाटात अडीच तास अडकले. बिर्याणी सुकली, कबाब चिवट झाले. मधुमेह असलेल्या खाला भावाची वाट पाहत उपाशी बसल्या आणि त्यांची साखर उतरली. आम्ही फार घाबरलो.

यंदा बेत खिचड्याचा केला. गहू आणि डाळी रात्री भिजवल्या. सकाळी मटणाबरोबर शिजवून घोटल्या आणि पातेल्याखाली तवा ठेवून आच मंद केली. घट्ट झाला की थोडे उकळते पाणी घालायचे. तळलेला कांदा, पुदिना, लिंबू आयत्या वेळी. गाजराचा हलवा आदल्या दिवशीच करून ठेवला.

खालांना आम्ही एक वाजताच वाढले. मामू तीनला आले, तेव्हा खिचडा वाफाळतच होता.

पाहुणा अल्लाहची रहमत असतो. पण वेळेवर आलेल्याला उपाशी ठेवणे, ही कसली मेहमाननवाजी?