चाकणची ऑफर

ऑफर लेटर येऊन पडलंय. पगार जवळजवळ दीडपट. तरी रात्री कागद-पेन घेऊन बसलो, कारण सीटीसीचा आकडा म्हणजे हातात पडणारा पगार नव्हे. त्यात कंपनीच्या वाट्याचा पीएफ धरलाय, ग्रॅच्युइटीही धरलीय. ते वजा केल्यावरही फरक बराच उरतो. इथली ग्रॅच्युइटी बुडणार नाही, 5 वर्षं कधीच उलटली. वर्षामागे 15 दिवसांचा पगार, महिना 26 दिवसांचा धरून. पण ती शेवटच्या पगारावर मोजतात. आज सोडलं तर इतक्या वर्षांचा हिशेब आजच्याच पगारावर थांबणार. आणि मोशीच्या पुढची नाशिक रस्त्यावरची कोंडी कुठल्याच पत्रात लिहिलेली नसते.

जीव अडकतो तो भोसरीच्या या टूलरूममध्ये. डायच्या एका अर्ध्या भागाला निळा लावायचा, दुसरा त्यावर दाबायचा, जिथे निळा उमटला तेवढंच घासायचं, पुन्हा दाबायचं. हे मी इथेच शिकलो, फोरमनकाकांच्या शेजारी उभं राहून. आता पोरं माझ्या शेजारी उभी असतात. त्यांतला एक अजून घाईत जास्त घासतो.

"अहो, पुढच्या वर्षी पोरीची बारावी आहे," ही म्हणाली. खरंच आहे तिचं. पैशासाठी नोकरी बदलण्यात कमीपणा कसला? हातातल्या कसबाला भाव मिळायलाच हवा, आणि इथे तो मागूनही मिळालेला नाही. सोमवारी साहेबांना शेवटचं विचारणार. नाही म्हणाले तर राजीनामा, आणि नोटिशीच्या काळात त्या पोराचा हात बसवून द्यायचा.