कन्सेशन

बॅचच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दोन ओळींची बातमी आली. विद्यार्थी विभागातले भाऊसाहेब गेले. खाली हात जोडलेल्यांची रांग लागली. मग कुणीतरी लिहिलं, ‘रेल्वे कन्सेशनच्या फॉर्मवर माझ्या गावाचं स्पेलिंग त्यांनी शेवटपर्यंत चुकवलं,’ आणि रांग मोडली. प्रत्येकाला आपापला फॉर्म आठवायला लागला.

मेडिसिनची ओपीडी आटोपून बसलेल्या प्राध्यापिकेला त्यांचा एकच प्रश्न आठवला. “नांदेड लिहू ना? की दुसरीकडं निघालीस?”

प्रश्नात खोच होती. विद्यार्थ्याला सेकंड आणि स्लीपर क्लासच्या भाड्यात निम्मी सवलत, अनुसूचित जाती-जमातीच्या विद्यार्थ्याला ७५ टक्के. पण ती मूळ गावी जाण्यासाठी. गाव कोणतं, ते कॉलेजच्या दप्तरात असेल तेच. शैक्षणिक सहलीलाही सवलत असते, मात्र ती सहल कॉलेजची हवी. वैद्यकीचं पोरगं उगाचच कुठंतरी जाईल, ही शक्यता रेल्वेनं गृहीतच धरलेली नाही. भाऊसाहेबांनीही नाही.

सेकंड एमबीबीएसच्या त्या उन्हाळ्यात हॉस्टेलवर दोन गोष्टी एकदमच आल्या. मायक्रोबायोलॉजीच्या सरांना सुट्टीत थांबून काम करणारी मुलं हवी होती, आणि यूथ हॉस्टेल्सच्या हिमाचलमधल्या सर पास ट्रेकची माहिती कुणीतरी आणली होती. रूम पार्टनर लॅबमध्ये थांबली. ही झेलम एक्स्प्रेसमध्ये बसली, अंबाल्यापर्यंत पूर्ण भाडं भरून. त्या पूर्ण भाड्याचा राग तिच्या मनात अजून ताजा आहे. भाऊसाहेबांवर नव्हे, नियमावर.

सर पास सुमारे ४,२०० मीटरवर. त्याच्या अलीकडच्या मुक्कामात, शेजारच्या तंबूतल्या एका मुलाला रात्री खोकला सुरू झाला. संध्याकाळपर्यंत गाणी म्हणणारा मुलगा आता बसल्या जागी धापा टाकत होता. ‘ही डॉक्टर आहे’ म्हणून हिला उठवलं. डॉक्टर कसली, मागच्या वर्षापर्यंत फिजिओलॉजीचं गायटन पाठ करणारी मुलगी. स्टेथोस्कोप सुट्टी म्हणून हॉस्टेलच्या कपाटात. तिनं त्याचं ओलसर विंडचीटर वर केलं आणि पाठीला कान लावला. कानाजवळ केस बोटांत चोळावेत तसा आवाज. पुस्तकात नेमकी हीच उपमा वाचलेली होती, आणि ती इतकी तंतोतंत खरी असेल असं तिला कधी वाटलं नव्हतं.

तिच्या सांगण्याची वाट कॅम्प लीडरनं पाहिली नाही. मुलाला खाली उतरवायचं, एवढं तो अनुभवानं जाणत होता. पोर्टरांनी पाठुंगळी घेऊन अंधारातच त्याला खालच्या कॅम्पवर नेलं. दुसऱ्या दिवशी तो चहा प्यायला, असा निरोप वर आला.

पुढे एमडी करताना लायब्ररीत एक जुना निबंध हाती लागला. आपल्याच लष्करातल्या इंदर सिंग आणि सहकाऱ्यांचा, १९६९ सालचा, ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मधला. हिमालयात झपाट्यानं उंचावर गेलेल्या १,९२५ जवानांचा अभ्यास. त्याआधी १९६० मध्ये चार्ल्स ह्यूस्टन यांनी त्याच नियतकालिकात उंचीवर फुप्फुसात पाणी होण्याबद्दल लिहिलं होतं. तोवर अशा कितीतरी रुग्णांवर न्यूमोनियाचा शिक्का बसत असे. प्राणवायू कमी पडला की फुप्फुसातल्या रक्तवाहिन्या आकसतात, दाब वाढतो, पाणी झिरपतं. प्राणवायू द्यावा आणि खाली उतरवावं, हाच मुख्य इलाज. तिनं निबंध वाचला, आणि वाचताना डाव्या कानाला विंडचीटरचा गारवा लागला. अजूनही लागतो. वॉर्डात कुणाच्याही पाठीवर स्टेथोस्कोप टेकवला की आधी तो गारवा, मग आवाज.

या सगळ्याचं सर्टिफिकेट होतं, ट्रेक पुरा केल्याचं. ते तिनं बायोडेटाला कधी जोडलं नाही. अधिव्याख्यातापदाच्या मुलाखतीत समितीतल्या एका सदस्यांनी विचारलं, “विद्यार्थिदशेत काही संशोधन? सुट्ट्यांत काय केलंत?” ती म्हणाली, “फिरले.” त्यांनी कागदावर बारीक रेघ मारली. नोकरी मिळाली, रेघ राहिली. तिला आजही वाटतं की त्या गृहस्थांनी आयुष्यात एकदा तरी रात्री कुणाच्या पाठीला कान लावायला हवा होता.

पण न्याय करायचा तर दुसरी बाजूही सांगावी लागते. १९२१ च्या मे महिन्यात टोरांटोत इन्सुलिन शोधणाऱ्या बँटिंगच्या मदतीला चार्ल्स बेस्ट आणि क्लार्क नोबल हे दोन विद्यार्थी होते. पहिली पाळी कुणाची, यासाठी म्हणे त्यांनी नाणं उडवलं. बेस्टचा कौल लागला, आणि पुढे पाळी बदललीच नाही. त्या उकाड्यात, कुत्र्यांच्या स्वादुपिंडांच्या वासात इन्सुलिनचा माग लागला. १९२३ चं नोबेल बँटिंग आणि प्रयोगशाळेचे प्रमुख मॅक्लाउड यांना मिळालं. बँटिंगनं आपल्या रकमेतला अर्धा वाटा बेस्टला दिला. क्लार्क नोबलचं नाव आज किती डॉक्टरांना माहीत असेल?

उलट आर्थर कॉनन डॉयल. एडिंबरात वैद्यक शिकताना, १८८० च्या फेब्रुवारीत तो ‘होप’ नावाच्या देवमाशांच्या शिकारी जहाजावर सर्जन म्हणून चढला. महिना अडीच पौंड, शिवाय तेलावर टनामागे तीन शिलिंग. एकविसावा वाढदिवस आर्क्टिकात झाला, बर्फावरून तो पुन्हा पुन्हा पाण्यात पडला, ऑगस्टमध्ये परतला आणि पुढच्या वर्षी पासही झाला. त्यात बायोडेटाला जोडण्यासारखं काय होतं? पैसे आईला दिले, गोष्टी आपल्याला मिळाल्या.

रूम पार्टनरला मात्र ही तुलनाच मान्य नाही. ती आता मायक्रोबायोलॉजीची विभागप्रमुख आहे. भाऊसाहेबांच्या बातमीनंतर दोघींचा फोन झाला तेव्हा म्हणाली, “तुला वाटतं मी राबत होते. अगं, मे महिन्यात कॉलेज रिकामं. अख्खी लॅब माझी. दुपारी पंख्याखाली कलिंगड खायचं, संध्याकाळी प्लेटवर काय उगवलंय ते बघायचं. मी पण फिरतच होते, तिकिटाशिवाय.” हे हिला इतकी वर्षं माहीतच नव्हतं.

आणि दोन्ही न परवडणारी मुलं असतातच. मे म्हणजे घरची आंबा-काजूची हातघाई, बहिणीचं लग्न, खरिपाआधीची नांगरट. भाऊसाहेबांच्या खिडकीशी सगळ्यात लांब रांग त्यांचीच असे. आनंदीबाई जोशींना तर तीही वाट नव्हती. १८८३ ते ८६ या फिलाडेल्फियातल्या शिक्षणाच्या काळात कल्याण सातासमुद्रापलीकडं. त्यांचं सुट्टीतलं घर म्हणजे न्यू जर्सीतल्या रोझेल गावातलं, त्या मावशी मानत त्या कार्पेंटरबाईंचं.

आता तिच्या टेबलावर आयसीएमआरच्या शॉर्ट टर्म स्टुडंटशिपचे प्रस्ताव येतात. योजना १९७९ पासूनची आणि उत्तम: दोन महिन्यांचं काम, गाइड कॉलेजातलाच, अहवाल मान्य झाला की प्रमाणपत्र आणि विद्यावेतन. ती मनापासून गाइड होते. पण प्रस्ताव घेऊन आलेल्या मुलीला तिनं विचारलं, “सुट्टीत कुठं जाणारेस?” मुलगी म्हणाली, “मॅडम, हेच सुट्टीत. आणि रात्री नीट-पीजीचे व्हिडिओ.” दोनशे प्रश्नांची ती परीक्षा अजून वर्षांच्या अंतरावर होती.

अभ्यासक्रमानं २०१९ मध्ये ‘इलेक्टिव्ह’ आणलं तेव्हा आवडीचं शिकायला दोन महिने होते. २०२३ च्या नियमांत ते एकावर आले. त्यालाही हजेरी, त्यालाही लॉगबुक. लडाखमधल्या एखाद्या आरोग्य केंद्रात महिना काढून येईन असं म्हणणारं पोर तिला अजून भेटायचंय, आणि भेटलं तर त्याच्या अर्जावर कोण सही करेल, हा प्रश्न आहेच.

वैद्यकीय महाविद्यालयांतल्या प्राध्यापकांना उन्हाळी सुट्टीचा पहिला हाफ की दुसरा, हे निवडता येतं. विभागप्रमुखांनो, एक हाफ तुमच्या प्रकल्पाला खुशाल घ्या. दुसऱ्या हाफमध्ये मुलांना काही मागू नका, आणि मुलाखतीत त्याचा हिशेबही विचारू नका.